तिसरी मिळकत

“दारावर नको लावूस गो, बाय. सागाचा दार हाय. खळीचा डाग जात नाय,” शेवंती भुवड म्हणाली.

मी हवालदार रेवाळ्यांकडे पाहिलं. “दारावरच लावा. नोटीस ठळक जागी लावायची असते.”

रेवाळ्यांनी खळीचा डबा खाली ठेवला. कागद चारही कोपऱ्यांनी दाबून बसवला आणि त्यावरून तळवा फिरवला. अंगणात वाडीतली वीसेक माणसं जमली होती. सगळ्यांत पुढे बाळाराम जोगळे. साठीचा माणूस, गावच्या पालखीचा मानकरी, आणि आमच्या पंचनाम्याचा पंच. पंच मिळवायला पोलिसांना एरवी दारोदार फिरावं लागतं. जोगळे सकाळपासून खिशाला पेन लावून उभे होते.

“मोठ्यानं वाचा, मॅडम,” ते म्हणाले. “कॅप्टनीणबाईचा घर कुनाच्या पैशाचा हाय ता कळू दे सगळ्यांना.”

मागे कोणीतरी हसलं. शेवंतीबाईंनी मान वळवली नाही. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी मोठ्यानं वाचलं. वेळणकोंड गावातल्या, श्रीमती शेवंती सोनू भुवड यांच्या नावावरच्या तीन मिळकती. एक, साडेतीन एकर आंब्याची बाग. दोन, समुद्रालगतची एकोणतीस गुंठे जागा आणि तिच्यावरचा बंगला. तीन, सव्वादोन गुंठे जागा आणि तिच्यावरचं कौलारू घर. या मिळकती गुन्ह्यातून आलेल्या पैशानं घेतल्याचं दिसतं, म्हणून त्या विकू नयेत, गहाण ठेवू नयेत, कोणाला देऊ नयेत. खाली माझी सही होती आणि शिक्का.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मला पोलीस उपनिरीक्षक होऊन चौदा महिने झाले होते. त्याआधी मी वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. केलं होतं, आणि मला वाटायचं की ह्या खात्यात नीट मोजणारी माणसं कमी आहेत.

गुन्हा उल्हास तोडणकरचा. त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. तो आयुष्यात एकाही जहाजावर चढला नव्हता. त्यानं आमच्या किनाऱ्यावरच्या तरुण मुलांना खलाशाची खोटी प्रमाणपत्रं विकली, त्यांना परदेशातल्या बंदरांत नेऊन मोडक्या जहाजांवर सोडलं आणि शेवटी स्वतःही परदेशात जाऊन बसला. एक्केचाळीस घरांनी तक्रार दिली होती. चौतीस मुलं हाल काढून, काही तुरुंगात राहून परत आली. सात जणांचा पत्ता नव्हता.

न्यायालयानं आदेश दिला: तोडणकरनं ह्या गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता शोधून काढा, मग ती कोणाच्याही नावावर असो. असं काम उपनिरीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला देता येत नाही. आमच्या ठाण्यात उपनिरीक्षक मी एकटीच होते. आदेशात माझं नाव आलं.

तोडणकरच्या नावावर काहीच नव्हतं, एक स्कूटरसुद्धा. मी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नऊ दिवस बसून खरेदीखतं चाळली. नवव्या दिवशी एका खतावर फोटो दिसला. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याकडे नव्हे तर बाजूला कोणाकडे तरी बघणारी. ही तोडणकरच्या बंगल्यावर स्वयंपाक करायची. साडेतीन एकर बाग तिनं घेतली होती.

मी तलाठ्याकडून तिचा खाते उतारा काढला. गावात एका माणसाची जेवढी जमीन असते तेवढी त्या एका कागदावर येते. तीन मिळकती होत्या, आणि तिन्हींच्या फेरफार नोंदी, म्हणजे जमिनीला नवं नाव लागल्याच्या नोंदी, एकाच वर्षातल्या होत्या, तोडणकरचा धंदा जोरात असतानाच्या. आलेखावर तीन बिंदू एका रेषेत यावेत तसं वाटलं. मी तिन्ही उतरवल्या. आमचे पोलीस निरीक्षक बर्गे साहेब माझा अहवाल हातात घेऊन इतरांना म्हणाले, “असं काम करायचं असतं. काही सुटलं नाही पाहिजे.”

तर त्या अंगणात पंचनामा चालू होता. घर कधी बांधलं हा रकाना भरायचा होता.

“घर केव्हाचं आहे?” मी विचारलं.

“माजा लगीन झाला त्या वरसाचा. सासऱ्यानं बांदलान. तो माड हाय ना, तो बी त्याच वरसाला लावलानीत.”

“काही कागद?”

“माडाचा कागद?”

आता माणसं तिच्या बाजूनं हसली. जोगळ्यांना ते खपलं नाही. “माड बी कॅप्टननंच लावलान असंल,” ते म्हणाले. “कॅप्टन काय पन करायचा.”

“थांबा,” मी म्हटलं.

माडाची झावळी गळली की खोडावर तिचा व्रण राहतो, बांगडीसारखा. आमच्या किनाऱ्यावर माडाला वर्षाला साधारण बारा झावळ्या येतात. म्हणजे व्रण मोजले की वय कळतं. खाली ते लांब लांब असतात, वर दाट होत जातात, म्हणून सरासरी काढून चालत नाही. मी हात पोचेल तिथवर बोट लावून मोजले आणि वरचे मोबाइलवर फोटो मोठा करून, दोनदा. ती खोटं बोलते आहे हे मला सगळ्यांसमोर दाखवायचं होतं. हे मी लपवत नाही.

“माड मोजतंय बग पोरगी,” शेवंतीबाई म्हणाल्या. “अगो, नारळ मोज, पाणी तरी पिशील.”

तीनशे चौसष्ट व्रण. तीस वर्षं. त्यात खोड जमिनीवर यायच्या आधीची पाच-सहा वर्षं मिळवायची. छत्तीस. चार वर्षं इकडे तिकडे धरली तरी बत्तीसच्या खाली येत नव्हतं. तोडणकरचा धंदा सुरू होऊन आठ वर्षं झाली होती.

मी रकान्यात लिहिलं, ‘मालक सांगतात त्याप्रमाणे जुने.’ किती जुने ते लिहिलं नाही. जोगळ्यांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि ते सगळ्यांच्या आधी निघून गेले.

परत जाताना रेवाळ्यांनी जीप वाडीबाहेर काढली. मग म्हणाले, “मॅडम, माड कोणाच्या पण अंगणात असतो. खालची जमीन तिच्याकडे कशी आली ते बघितलंत का?”

“नोंद आहे ना. त्याच वर्षातली.”

“नोंद कसली आहे?”

मी नोंदीचा क्रमांक पाहिला होता आणि वर्ष पाहिलं होतं. नोंद उघडून वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तलाठी कार्यालय उघडायच्या आधी मी दारात होते. तलाठी भाऊसाहेबांनी फेरफाराचं पुस्तक काढलं, फुंकर मारून माझ्यासमोर ठेवलं आणि चहा सांगितला. बाग आणि बंगल्याची जागा, दोन्ही नोंदी खरेदीच्या. तिसरी नोंद तीन ओळींची होती. खातेदार सोनू धोंडू भुवड मयत, वारस पत्नी शेवंती, वारसाने नाव दाखल केले.

खरेदी नव्हतीच. जमीन नवऱ्याची होती, त्याच्या आधी सासऱ्याची. गुन्ह्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता, आणि हे तीन ओळींत लिहिलेलं सरकारी पुस्तक त्या अंगणापासून दीड किलोमीटरवर होतं.

“नवरा वारला कधी?” मी विचारलं.

“झाली की तेरा वर्षं.”

“आणि वारस नोंद सहा वर्षांपूर्वी. मधली सात वर्षं काय झालं?”

“काही नाही. बाई आली नाही, आम्ही लावली नाही. गावात अशा शंभर नोंदी आहेत.”

“मग अचानक कशी लागली?”

“कॅप्टनसाहेब स्वतः आले होते. गरीब विधवा आहे, नाव लावून द्या म्हणाले. आता चांगल्या कामाला नाही कसं म्हणायचं?” त्यांनी बशीत चहा ओतला.

मी तारखा बघितल्या. वारस नोंद मंजूर चार जूनला. बागेचं खरेदीखत सोळा जूनला. बारा दिवस.

“भाऊसाहेब, त्यानं बाग बायकोच्या नावावर का नाही घेतली? भावाच्या?”

ते हसले. “तुम्ही घाटावरच्या. तुमच्याकडे सगळेच शेतकरी. मॅडम, शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. कॅप्टनच्या घरात कोणाच्या नावावर एक गुंठा नव्हता. ह्या बाईच्या नवऱ्याचे सव्वादोन गुंठे होते. बाईचं नाव लागलं, बाई शेतकरी झाली.”

“आणि हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं.”

“मला कोणी विचारलं नव्हतं,” ते म्हणाले. “तुम्ही पण उताराच मागितलात. फेरफार मागितला असता तर फेरफार दिला असता.”

मी उठले. चहा तसाच राहिला. रस्त्यात येईपर्यंत मी त्या माणसाला मनात जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याचं शेवटचं वाक्य बरोबर होतं, आणि त्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी मी बर्गे साहेबांपुढे फेरफाराची प्रत ठेवली. त्यांनी ती वाचली. दोनदा वाचली. त्यांच्याइतकं नीट वाचणारा अधिकारी मी नंतर फारसा पाहिला नाही.

“सुनावणी कधी आहे?”

“एकोणतीस तारखेला.”

“आणि तुमच्या मनाई आदेशाला तीस दिवस कधी होतात?”

“तीस तारखेला.”

“म्हणजे एकोणतीसला न्यायालयानं तो कायम केला नाही, तर तीसला तो संपला. बाग सुटली, बंगला सुटला. तोडणकरचा भाऊ कुलमुखत्यारपत्र घेऊन बसलेलाच आहे, अंगठा त्याच बाईचा. तो दोन दिवसांत विकेल.” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “हा कागद तोडणकरच्या वकिलाला मिळाला तर तो काय विचारेल, सांगा.”

“तिसरी चुकली, तर पहिल्या दोन कशावरून बरोबर.”

“हुशार आहात.”

“पण तिसरी चुकली आहे, सर.”

“असेल. तिला नोटीस मिळाली आहे ना? ही मिळकत कुठून आली ते सांगायला तिला तीस दिवस आहेत. सांगेल ती.”

“तिला वाचता येत नाही.”

“वकील देईल.”

“कशाच्या जोरावर, सर? तिच्याकडे जे आहे त्यावर मीच मनाई आणली आहे.”

ते खुर्चीत मागे टेकले. आवाज चढवला नाही. “खराडे, तुम्ही बॉटनीच्या ना? मग हे समजायला सोपं आहे. एक्केचाळीस घरं एका बाजूला. एक बाई दुसऱ्या बाजूला. आणि त्या बाईनं अंगठा दिलेला आहे. आधी आदेश कायम होऊ द्या, मग वर्षा-दोन वर्षांत तिचं बघू.”

“वर्षा-दोन वर्षांत?”

“आता जा.”

मी गेले. हेही लिहायला हवं की मी गेले, आणि पुढचे तीन आठवडे तो कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्या एक्केचाळीस घरांच्या तक्रारीही माझ्याच टेबलावर होत्या.

पंचवीस तारखेला शेवंतीबाई ठाण्यात आल्या. वेळणकोंडाहून एसटीनं दीड तास. रेवाळ्यांनी त्यांना माझ्या टेबलासमोर बसवलं, पण त्या बसल्या नाहीत.

“शिमगा आला,” त्या म्हणाल्या. “परवा गावकी बसली. पालखी यंदा माज्या अंगनात येनार नाय.”

मला लगेच कळलं नाही. रेवाळे खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, शिमग्यात गावची पालखी प्रत्येक घरी जाते. घर वगळलं म्हणजे माणूस गावातून वगळला.”

“कुनी ठरवलं?” मीही तिच्यासारखंच बोलले.

“बाळाराम बोलला. चोराच्या घरात देव नाय नाचनार बोलला. कुनी बी नाय म्हटला नाय. पान्याला गेलं तर बायका कळशी उचलतात नि बाजूला होतात. घरात बसलं तर दारावर तुजा कागद. एकवीस वरसाची असल्यापासून मी त्या घरात हाय. एक शिमगा चुकला नाय. तू कोन गो? तू कुटली? तुला कुनी सांगितला माजा घर कॅप्टनचा?”

ठाण्यातले सगळे बघत होते. मी तिला खुर्ची सरकवली आणि खणातून कागद काढला. सगळं सांगितलं. नवऱ्याच्या जमिनीवर तिचं नाव कोणी लावून घेतलं, का लावलं, आणि बारा दिवसांनी तिचा अंगठा कुठल्या कागदावर घेतला.

“ता रेशनकार्डाचा काम होता,” ती म्हणाली.

“नव्हतं, काकी.”

तेव्हा ती बसली. बोटांनी पदराचं टोक घट्ट पिळत राहिली.

“माजा नाव लागला त्या दिवशी मी त्याच्या पाया पडले,” ती म्हणाली. “सात वरसं तलाट्यानं लावलान नाय, ह्या मानसानं एका दिवसात लावलान म्हनून. पेढे वाटले मी वाडीत. त्याला वेगळा पुडा दिला. मोठा.”

मग ती उठली, रेवाळ्यांना म्हणाली, “एसटी किती वाजता हाय रं?” आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

बर्गे साहेबांचं गणित मी पुन्हा मांडून पाहिलं. एका बाजूला एक्केचाळीस, दुसऱ्या बाजूला एक. बरोबर वाटायचं ते एवढ्यामुळेच की त्या एकीला त्या बाजूला मी नेऊन ठेवलं होतं.

एकोणतीस तारखेला सकाळी मी पुरवणी अहवाल न्यायालयाच्या शिरस्तेदाराकडे दिला. एक पान आणि फेरफाराची प्रत. साहेबांना विचारलं नाही. आदेश माझ्या नावानं होता.

सुनावणी दुपारी निघाली. न्यायाधीश बारीक चणीचे, सर्दी झालेले. त्यांनी तो कागद बाजूला धरला आणि मला उभं केलं.

“तिसरी मिळकत यादीत कशाच्या आधारे घातली?”

“खाते उताऱ्याच्या, सर. खातं एकच होतं, म्हणून तिन्ही घातल्या.”

“फेरफार पाहिले होते?”

“क्रमांक आणि वर्ष पाहिलं होतं. मजकूर वाचला नव्हता.”

“का?”

मी बरीच उत्तरं तयार करून आले होते. “गरज वाटली नाही, सर.”

तोडणकरचे वकील उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता. “माझं काम ह्या मॅडमनीच केलं. ज्यांना वाचायची गरज वाटत नाही, त्यांच्या यादीवर माझ्या अशिलाची मिळकत अडकवून ठेवायची?”

“तुमच्या अशिलाची?” न्यायाधीशांनी नाक पुसलं. “कागदावर तर ती एका स्वयंपाकीणबाईची आहे. तुमचे अशील त्यावर हक्क सांगतात का? तसं लिहून घेऊ?”

वकील खाली बसले. तिसरी मिळकत यादीतून वगळली. पहिल्या दोन कायम झाल्या. माझ्या हलगर्जीपणावर दोन वाक्यं लिहिली गेली, ती माझ्या सेवापुस्तकात आजही आहेत.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. सव्वा महिन्यानं वरच्या न्यायालयात माझ्या जबाबाची नक्कल जोडून पहिल्या दोन मिळकतींवर स्थगिती घेतली गेली. मालमत्ता आहे तशी राहावी, पुढे काही करू नये. ती स्थगिती अजून आहे. बागेतले आंबे दरवर्षी कोणीतरी उतरवतं. एक्केचाळीस घरांना अकरा वर्षांत काही मिळालेलं नाही. बर्गे साहेब म्हणाले होते तसंच झालं, आणि तरी त्यांचं म्हणणं मला आज पटत नाही.

त्या दिवशी ते न्यायालयाच्या पायऱ्यांवर थांबले होते. “सोमवारपासून नियंत्रण कक्षात बसा,” म्हणाले. “फोन उचलायचे. तिथे वाचायची गरज पडत नाही.”

फाटकाशी शेवंतीबाई उभ्या होत्या. त्यांना कोणी तारीख सांगितली होती कोण जाणे. रेवाळे दुसरीकडे बघत होते.

“काय झाला?”

“घर यादीतून काढलं, काकी. आदेशाची प्रत मिळेल तुम्हाला.”

“मना प्रत नको. घर माजा हाय ता मना आदीपासून म्हाईत हाय. गावाला सांग.”

“ग्रामपंचायतीत कागद लागेल.”

“वाचनार कोन? घर चोराचा हाय ता तू तोंडानं सांगितलास. ता नाय ता बी तोंडानं सांग. चल.”

“आत्ता?”

“उद्या पालखी भायर पडतेय.”

मी रेवाळ्यांना जीप काढायला सांगितलं. सोमवार अजून तीन दिवस लांब होता.

भुवडवाडीत शेवंतीबाईंचं सोडून एकोणीस घरं. उन्हं कलली होती, माणसं घरी होती. शेवंतीबाई पुढे, मी मागे, गणवेशात. त्या प्रत्येक अंगणात जाऊन हाक मारायच्या आणि बाजूला व्हायच्या. मी म्हणायचे, “शेवंतीकाकींचं घर त्यांच्या सासऱ्यांचं आहे. ते मी यादीत घातलं. चूक माझी होती. न्यायालयानं ते काढलं आहे.” दुसऱ्या घरातली बाई म्हणाली, “मंग आदी नाय का बगायचा?” तिसऱ्या घरात म्हातारा बहिरा होता, मला ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे पुढच्या दोन घरांना आपोआप कळलं. पण शेवंतीबाईंनी मला त्या दोन्ही घरीही नेलं.

आठवं घर जोगळ्यांचं.

ते अंगणात बांबू तासत बसले होते. मी सांगितलं. त्यांनी कोयता खाली ठेवला नाही.

“चूक तुमची?”

“माझी.”

“नि कॅप्टनची बाग?”

“ती अडकवलेली आहे. चौकशी चालू राहील.”

“नि रुपेश?”

“रुपेश कोण?”

“माजा पोरगा.” आता त्यांनी कोयता ठेवला. “सातांतला एक. चार वरसं झाली. मॅडम, मी तुमचा पंच होतो. सगळीकडं फिरलो तुमच्याबरोबर. बागेत कलमां किती ता मोजलात. बंगल्याला खिडक्या किती ता मोजलात. हिच्या दारातला माड बी मोजलात तुमी, बोट लावून लावून. माजा पोरगा कुटं हाय ता कोन शोदतंय?”

मी म्हणाले, “काका, आदेश मालमत्तेचा होता.”

“मालाचा होता.”

“हो.”

“मानसाचा नव्हता.”

“नव्हता.”

“मागितला कुनी?”

मी दोनशे चौदा पानांचा अहवाल लिहिला होता. त्यात त्या सात जणांची नावं होती, तक्रारदारांच्या यादीत, त्यांच्या वडलांच्या नावांपुढे कंसात. ती यादी मीच टाईप केली होती. रुपेश कोण, असं मी आत्ताच विचारलं होतं.

“मी लिहून देते,” मी म्हटलं. “अर्ज करू आपण.”

“कुनाला?”

मला माहीत नव्हतं. सोमवारपासून मी फोन उचलणार होते.

जोगळ्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं. ते शेवंतीबाईंकडे वळले. तिच्याशी ते महिनाभर बोलले नसावेत.

“शेवंते, जायच्या आदी आठ दिवस तो बंगल्यावर होता. तूच वाडायचीस ना त्याला?”

“मीच.”

“शेवटचा काय जेवला?”

“कुळथाची पिटी नि भात. पिटी दोनदा घेतलान. गाडी भायर वाजत होती तरी घेतलान.”

जोगळ्यांनी मान हलवली. मग कोयता उचलला आणि बांबूच्या पेरावर ठेवला.

“पालखी येल तुज्याकडं,” ते म्हणाले. “तांदूळ काडून ठेव.”

मी तिथेच उभी होते. काहीतरी बोलायला हवं होतं आणि मला जे येत होतं ते सगळं कागदी होतं. शेवंतीबाई अंगणाच्या कडेला जाऊन थांबल्या.

“पालखी येणार म्हणाले ना ते, काकी,” मी म्हटलं. “झालं की आता.”

“तेचा झाला,” त्या म्हणाल्या. “अजून अकरा घरां हायत. चल.”